शालूआत्याचा कान

शालूआत्या,

तुझ्या तेरवीला आलेल्या बायकांपैकी निदान चौघींनी मला विचारलं, "रिटायर झाल्यावर ताई दिवसभर काय करायच्या हो?" मी म्हणालो, "गाण्यांचं मिक्सिंग तपासायच्या." त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, "विनूला जरा झोपू द्या. पोरानं मनाला लावून घेतलंय."

मी खरं तेच सांगितलं होतं. पण तुझ्याबद्दल खरं सांगितलं की लोकांना ते थट्टेसारखं वाटतं, हे तुझ्या हयातीतही होतंच.

राइट टाउन मोहल्ल्यातल्या तुझ्या घराची पुढची खोली मी स्टुडिओसाठी मागितली तेव्हा तू भाड्याचं नाव काढलं नाहीस. एवढंच विचारलंस, "गाणी चांगली असतील ना? मला आत बसून रोज ऐकावी लागतील." मग भिंतींना गाद्यांसारखं काही तरी ठोकलं गेलं, दाराला जाड पडदे लागले, काचेची खिडकी बसली. त्या काचेवर तू रोज अकरा वाजता टकटक करायचीस आणि हातानं कपाचा आकार करून दाखवायचीस. समोर गाणारा कितीही रंगात आलेला असो, चहा म्हणजे चहा.

मिक्सिंग म्हणजे काय, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. गाणारा वेगळा रेकॉर्ड करायचा, ढोलक वेगळी, बासरी वेगळी, आणि मग कोणाला किती वर आणायचं, कोणाला किती मागे ठेवायचं ते ठरवून सगळं एकत्र करायचं. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हणजे आधी सगळ्यांना वेगळं करून राहिला आणि मग एकत्र करून राहिला. मग पहिलेच एका सतरंजीवर बसवून काहून नाही गाऊन घेत? सतरंजी आहे आपल्याकडे."

मी माइकची तार गुंडाळायला लागलो.

तुझी एक शिंक एका लग्नाच्या गाण्यात कायमची राहून गेली, ते आठवतं? पडदा बाजूला करून तू चहा घेऊन आत आलीस आणि नेमकी समेवर शिंकलीस. मला ती काढायची होती, पण गायकाचा आवाज तेव्हाच इतका सुंदर लागला होता की तो तुकडा टाकवेना. मी शिंकेवर ढोलक चढवली. नवरदेवाची आई गाणं न्यायला आली आणि म्हणाली, "वो बीच में जो छक् करके आता है ना, वो बहुत बढ़िया है." तू आतून ओरडलीस, "धन्यवाद!" बिचारीला काही कळलं नाही.

आता डबीबद्दल. सदरच्या बाजारातून तू तो नारिंगी रंगाचा बिनतारी स्पीकर आणलास तो स्वयंपाक करताना भजनं ऐकायला. हळदीकुंकवाच्या डबीपेक्षा थोडासा मोठा, म्हणून त्याचं नाव डबी. मी हसलो होतो. माझ्याकडे तेव्हा नुकतेच मुंबईहून मागवलेले स्टुडिओचे दोन मोठे स्पीकर आले होते, एकेक बारशाच्या पाळण्याएवढा. त्यांच्यासमोर बसलं की ढोलकीवरच्या शाईचा आवाज वेगळा आणि बोटातल्या अंगठीचा वेगळा ऐकू यायचा. मी त्यांच्यावरची धूळ रोज पुसायचो. तू म्हणायचीस, "देवघर पुसलं असतं इतकं, तर लग्न झालं असतं तुझं."

कुंडम गावच्या सुमनजी आल्या त्या याच दिवसांत. शाळेत शिकवायच्या, नर्मदेवर स्वतः पदं करून गायच्या. बसनं यायच्या आणि मागून त्यांचे मिस्टर पेटी डोक्यावर घेऊन यायचे. त्यांचं ते पद होतं, 'मैया, तोरे पानी में मोरो गाँव दिखे.' साधी चाल, आणि आवाज असा की रेकॉर्डिंगच्या वेळी तू काचेवर टकटक करायला आलीस आणि हात तसाच वर धरून उभी राहिलीस. त्या दिवशी चहा पावणेबाराला झाला. स्टुडिओच्या इतिहासात ते एकदाच घडलं.

मी त्या पदावर बारा दिवस खपलो. बासरी घातली, कीबोर्डवरून सतारीसारखे सूर घातले, खालून नदी वाहत असल्यासारखा एक गंभीर, जाड आवाज घातला. मोठ्या स्पीकरवर लावलं की खोलीत नर्मदा यायची. तुला बोलावलं, खुर्चीत बसवलं, ऐकवलं. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "छान आहे. आता माझ्या डबीवर लाव."

मी नको नको म्हणत असताना तू फोनवरून ते डबीवर लावलंस आणि डबी ओट्यावर ठेवलीस, कुकरच्या शेजारी. दोन ओळी झाल्या. तू माझ्याकडे वळलीस.

"ही बाई दूधवाल्याशी भांडून राहिली का रे?"

"काय?"

"भैया, तोरे पानी में, म्हणून राहिली ना. दुधात पाणी घातलं म्हणून?"

"आत्या, ते मैया आहे."

"ते तुला माहीत आहे. मला भैया ऐकू येऊन राहिलं."

आणि मग तू तुझं एकतीस वर्षांचं पुराण काढलंस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डाव्या कानाला हेडफोन लावून कटनी, सागर, नागपूर जोडून देताना तुला काय कळलं होतं? तर तारेतून खालचे सूर येत नाहीत, आणि खालचे सूर गेले की 'म'चा 'ब' होतो नाही तर 'भ' होतो. म्हणून तुम्ही सगळ्या ऑपरेटर दिवसभर ओरडायच्या, म मछली का, भ भालू का. "एका मिश्राजींचा कॉल मी भिश्राजी म्हणून सागरला जोडला होता," तू म्हणालीस. "ते अजून रागावलेले असतील."

मी तुला शास्त्र सांगितलं. म्हणालो, तुझ्या डबीत खालचे सूर येतच नाहीत, तर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? हे मोठे स्पीकर खरं सांगतात.

"खरं सांगतात, पण कोणाला? तुला एकट्याला. सुमनजींच्या गावात कोणाच्या घरी आहेत असे पाळणे? सगळ्यांकडे डबी आहे नाही तर मोबाइल आहे."

"मग मी काय डबीसाठी गाणं करू?"

"नाही. डबीवाल्यांसाठी कर."

तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि गाणं तिच्याखाली दबून गेलं. तू फक्त बोट वर केलंस. मी चिडून पुढच्या खोलीत निघून गेलो आणि त्याच संध्याकाळी गाणं सुमनजींना पाठवून दिलं. तुला सांगितलं नाही. माझी दहा वर्षांची मेहनत, माझं शिक्षण, माझे स्पीकर, आणि एक टेलिफोन ऑपरेटर बाई मला मिक्सिंग शिकवणार? असं मी मनात म्हणालो होतो. नेमक्या याच शब्दांत. तुला आता सांगतोय.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते लिहायलाच हवं.

गाणं चाललं. भेडाघाटला नाववाल्यांनी ते उचललं. सुमनजींनी आपल्या दोघांना कौतुकानं बोलावलं, संगमरवरी खडकांमधून नावेतून जाऊ, आपलं गाणं पाण्यावर ऐकू. नावेत आपण चौघं, आणखी सहा-सात प्रवासी, आणि तो नाववाला, वल्हं मारता मारता यमकं जुळवून माहिती सांगणारा. त्यानं नावेच्या टोकाला एक छोटा स्पीकर टांगला होता. डबीचाच कोणी तरी चुलतभाऊ. त्यानं गाणं लावलं. दोन्हीकडे पांढरे कडे उभे, खाली हिरवं पाणी, आणि त्यातून सुमनजींचा तो आवाज. भैया, तोरे पानी में.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मम्मी, ये किसके भैया हैं?"

नाववाल्याला तेवढंच हवं होतं. "सुनिए बहनजी! अब तक सुनी थी मैया की महिमा, आज सुनिए भैया की गरिमा! नर्मदा जी के छोटे भाई, यहीं रहते हैं, दूध बेचते हैं, पानी यहीं से ले जाते हैं!"

अख्खी नाव हसली. खडकांवरून ते हसू परत आलं, म्हणून दोनदा हसली. सुमनजी हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पाण्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या मिस्टरांनी मला हळूच विचारलं, "भाईसाहब, रिकॉर्डिंग में तो मैया ही बोला था ना इसने?" आपल्या बायकोच्या तोंडून चूक झाली असावी, अशी त्या सज्जन माणसाला शंका आली होती. माझ्यावर त्याला शंका आली नाही. ते मला फार लागलं.

आणि तू. केशरी लाइफ जॅकेटमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली, पर्स पोटाशी धरून बसलेली तू. मी तुझ्याकडे पाहिलं, आता बोलशील म्हणून. तू खडक पाहत होतीस. परत येताना ऑटोत पूर्ण रस्ताभर तू भेडाघाटच्या मूर्ती किती महाग झाल्या आहेत यावर बोललीस. माझ्या आयुष्यात कोणी मला इतक्या वाईट रीतीनं सोडून दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पाहिलं, तर डबी माझ्या टेबलावर होती. चार्ज केलेली. तू भाजी आणायला गेली होतीस.

मी बासरी खाली आणली. नकली सतार काढून टाकली. तो नदीचा जाड आवाज, ज्याचा मला इतका अभिमान होता, तो जवळजवळ सगळा काढला. सुमनजींचा आवाज पुढे घेतला, प्रत्येक 'मैया'च्या आधी बाकी सगळं केसभर मागे ओढलं आणि त्यांच्या 'म'ला हळूहळू वर आणत राहिलो. दर वेळी डबीवर ऐकायचं, ओट्यावर ठेवून, कुकर लावून. पाच दिवसांत आपण इतका वरणभात खाल्ला की आई नागपूरहून फोनवर विचारायला लागली, घरात कोणी आजारी आहे का. सहाव्या दिवशी डबीतून मैया आली. स्वच्छ. शिट्टीच्या वर. गंमत म्हणजे मोठ्या स्पीकरवरही ते गाणं आधीपेक्षा चांगलं झालं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

सुमनजींना नवीन गाणं पाठवलं. तुला म्हणालो, "सुमनजींनी थोडे बदल सांगितले होते." तू म्हणालीस, "अच्छा? हुशार बाई आहे."

आत्या, इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येईल. पण त्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणपतीत माझा सत्कार झाला. ते गाणं तोवर घराघरांत, ट्रॅक्टरवर, घाटावर वाजायला लागलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी माइकवर विचारलं, "विनयजी, इतके स्पष्ट शब्द! याचं रहस्य काय?" मी काय बोललो? म्हणालो, "उत्तम दर्जाचे स्पीकर आणि तासन्‌तास मेहनत." तू दुसऱ्या रांगेत होतीस. टाळ्या वाजवल्यास. घरी येताना म्हणालीस, "छान बोललास. शर्ट मात्र इस्त्रीचा हवा होता."

तेव्हापासून चार वर्षं मी एक वाक्य तोंडात घेऊन फिरत होतो. तू बरोबर होतीस. तीन शब्द. रोज चहाच्या वेळी काचेपलीकडे तू दिसायचीस आणि मी उद्या म्हणायचो.

त्याऐवजी मी तुला काम दिलं. म्हणजे तू ते घेतलंस. प्रत्येक गाणं तयार झालं की डबी पिशवीत घालून तू निघायचीस. आधी भाजीवाल्या रमाबाईच्या गाडीवर, वांग्यांच्या ढिगावर ठेवून. मग ऑटोत, सदरपर्यंत आणि परत, तेही पुढच्या चाकाचा खडखडाट असलेला ऑटो मुद्दाम निवडून. परत येऊन निकाल सांगायचीस. "ऑटोवाला म्हणतो, गाना ठीक है पर भाईसाहब को सर्दी है क्या." मी तपासायचो, तर खरंच आवाजात नाकातला सूर जास्त वर आलेला असायचा. "रमाबाईनं पहिली ओळ ऐकली आणि दुसरीला टोमॅटो मोजायला लागली. दुसरी ओळ पडून राहिली आहे." मी चिडायचो, भांडायचो, आणि रात्रीच्या जेवणाआधी दुसरी ओळ उचलून ठेवायचो. निवडणुकीच्या गाण्याला तू पास केलं नाहीस. म्हणालीस, "शब्द फार साफ येऊन राहिले. जरा दाबून टाक." तेही बरोबरच होतं.

आता ती गोष्ट, जी मला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं. की होतं?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी, कूलरच्या घरघराटात, मी नवीन मिक्स फोनवरून लावलं आणि तू डबी कानाशी धरून ओट्यापाशी उभी होतीस. तू मान डोलवलीस. "हं. आता बरं आहे. शब्द न् शब्द येऊन राहिला." मी आधीच खूश होतो, आणखी खूश झालो. मग पाहिलं, तर डबीचा दिवा बंद होता. बॅटरी केव्हाच संपली होती. माझ्या फोनवर गाणं पुढे सरकत होतं आणि त्या डबीतून काहीही, काहीही येत नव्हतं.

मी हसणार होतो. मग माझ्या लक्षात आलं की तू डबी डाव्या कानाशी धरली आहेस, हेडफोनवाल्या कानाशी. आणि तू माझ्या तोंडाकडे बघते आहेस.

तू माझं तोंड वाचत होतीस, आत्या. मी खूश दिसलो म्हणून तू पास केलंस.

त्यानंतर मी तुझ्यावर पाळत ठेवली, हे कबूल करतो. एकदा तुझ्या मागून रमाबाईच्या गाडीपर्यंत आलो आणि औषधाच्या दुकानाआड उभा राहिलो. तू वांग्यांवर डबी ठेवलीस आणि एक पाऊल मागे सरकलीस. तू गाणं ऐकत नव्हतीस. रमाबाईचे ओठ हलतात का, तिचा हात तराजूवर थांबतो का, गिऱ्हाईक वळून बघतं का, ते बघत होतीस. म्हणजे सर्दीवाला ऑटोवाला, टोमॅटो मोजणारी रमाबाई, हे सगळे तुझे कान होते. केव्हापासून? मी तुला विचारू शकलो असतो. पण विचारलं असतं तर तू पिशवी खुंटीला टांगली असतीस आणि पुन्हा कधी काढली नसतीस, एवढं मी तुला ओळखून होतो.

म्हणून मी आडून प्रयत्न केला. मंडळात कान तपासायचं शिबिर होतं. म्हणालो, "आत्या, चल ना, सहज." तू म्हणालीस, "शिबिरं म्हाताऱ्यांसाठी असतात. मी चहा वाटायला येईन." आलीस. दिवसभर चहा वाटलास. आणि रांगेतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला मोठ्या आवाजात झापलंस, "इतके दिवस काहून नाही आले हो? कान काय दुसरे मिळतात?" तपासणीच्या खोलीत मात्र कप नेऊन ठेवायलाही गेली नाहीस. कप मी नेऊन ठेवले. डॉक्टर म्हणाले, "त्या बाई फार उत्साही आहेत." मी म्हणालो, "हो, माझी आत्या आहे." आणि मला तिथे त्या माणसासमोर रडू आलं. त्यांना वाटलं, मलाच ऐकू येत नाही. त्यांनी माझीच तपासणी केली. माझे कान उत्तम आहेत, तुझ्या माहितीसाठी.

परवा सुमनजी आणि त्यांचे मिस्टर येऊन गेले. कोदो धान्याची पिशवी तुझ्या फोटोसमोर ठेवली. मी त्यांना सगळं सांगितलं, नावेतलं, डबीचं, सत्काराचं. सुमनजी म्हणाल्या, "मुझे तो दीदी ने उसी दिन घाट पर बता दिया था. बोलीं, लड़का ठीक कर देगा, उसको थोड़ा समय दो." म्हणजे ऑटोत बसून मूर्तींच्या किमती सांगण्याआधीच तू माझी बाजू सांभाळून आली होतीस. मी काय करावं यावर? मी त्यांना चहा दिला.

त्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी फारसं लिहिणार नाही. छातीत पाणी झालं, दवाखाना, सलाईन, नर्सना तू दिलेल्या सूचना. पण त्यातल्या मंगळवारची दुपार मला तुझ्यापाशी ठेवायची आहे. तू डोळे मिटून पडली होतीस. पलीकडच्या खाटेवर एका सुभेदाराची बायको होती, पाय मोडलेली, दिवसभर आपल्याकडेच बघत असलेली. मी तुझ्या डाव्या बाजूला बसलो होतो. म्हणालो, "आत्या, ते मैयाचं. तू बरोबर होतीस."

तू म्हणालीस, "काय?"

मी उठून उजव्या बाजूला आलो. वाकून म्हणालो, "सुमनजींचं गाणं. तू बरोबर होतीस. मी चुकलो होतो."

"काय म्हणतो? मोठ्यानं बोल."

आत्या, मी ओरडलो. त्या वॉर्डात, दुपारी तीन वाजता, "तू बरोबर होतीस!" नर्स दारात आली. दोन खाटांवरची माणसं उठून बसली. तू कपाळाला आठी घालून पुन्हा म्हणालीस, "हं? काय?"

पलीकडच्या बाईला राहवलं नाही. आपला मोडका पाय सांभाळत ती तुझ्याकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माताजी, ये कह रहे हैं, आप सही थीं."

तू डोळेही उघडले नाहीस.

"मालूम है," तू म्हणालीस. "बोलने दो उसको."